वय भागिले चार

पहाटे पाचला ट्रॉलीवर हिरवं कापड अंथरतो.
आधी मास्क: सगळ्यात धाकटा भातुकलीतल्या वाटीएवढा.
मग घशात बसणारे, लॅरिंजियल,
दीड, दोन, अडीच,
चपलांचे नंबर असावेत तसे.
मग ब्लेड. बल्ब पेटतो का बघायचं,
पेटला तरी पुन्हा एकदा बघायचं.
शेवटी नळ्या.

मिरजेत पाठ केलेलं अजून ओठांवर आहे:
वय भागिले चार, अधिक चार.
सहा वर्षांचं मूल, साडेपाचची नळी.
उशाशी पाच आणि सहाही तयार,
कारण मुलं सूत्र वाचून वाढत नाहीत.
शंका आली तर करंगळी बघायची.
मुलाची. आपली नव्हे.

सूर नावाच्या या गावात आज यादीत पहिला
अल्-मुहन्नद खलफान. टॉन्सिल, ॲडेनॉइड.
रात्री घोरतो, बाप सांगत होता,
जुन्या गलबताच्या इंजिनासारखा,
आणि मध्येच इंजिन बंद पडतं.
मग मी मोजत बसतो.
अकरापर्यंत गेलोय एकदा.

खलफान खाडीकाठी लाकडी होड्या सांधतो.
फळीला फळी, आणि फटीत
तेलात भिजवलेला कापूस, ठोकून ठोकून.
नखांना अजून तो वास.
दाखवायला आणलेली नळी त्याने उजेडात धरली,
बोटांनी चाचपली. फुगा नाही?
मग कडेनं गळणार.

गळणार थोडी, मी मोडक्या अरबीत म्हणालो,
गळायलाच हवी.
लहानांच्या गळ्यात चिंचोळी जागा खाली, स्वरांच्या पलीकडे.
तिथं घट्ट बसली तर सूज येते,
आणि उद्या मूल कुत्र्याच्या पिल्लासारखं खोकतं.
तो हसला नाही.
गळकी होडी, म्हणाला,
आणि तुम्ही तिला चांगली म्हणता.

डॉक्टर झुवैनांनी मास्क पुढे केला. स्ट्रॉबेरी आहे बघ.
मुहन्नदनं हुंगून पाहिलं. खोटं, म्हणाला.
पण हुंगतच राहिला.
खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली मी,
डोकं जड असतं यांचं, हनुवटी छातीवर कलते.
जीभ बाजूला. उजेड.
साडेपाच गेली, आणि अडली.

जोर नाही. कोणीच काही बोललं नाही.
झुवैनांची नजर गळ्यावरून हलली नाही,
नुसता तळवा उघडला
आणि मी त्यावर पाचची ठेवली.

मानेवर स्टेथोस्कोप. पिशवी दाबली.
हिस्स. बारीक.
हवी तेवढीच गळती.
पडद्यावर डोंगर उमटू लागले,
एकामागून एक, सपाट माथ्यांचे.
इथले डोंगर करवतीच्या दात्यांसारखे,
हे आमच्याकडचे. यांच्यावर गुरं चरू शकतील.
मी गालावर चिकटपट्टी लावली,
नळी ओठाशी किती सेंटिमीटरवर ते मोठ्यानं सांगितलं.

दहाच्या सुमारास तो रडला.
घोगरं, फाटकं, रागावलेलं.
दाराबाहेर खलफान भिंतीला टेकून उभा होता,
ओठ हलत होते, प्रार्थना असेल म्हणून मी थांबलो.
आकडे होते.
दोनच्या पुढे जात नव्हते.

ट्रॉली पुसली. वापरलेली पाच टाकली,
न वापरलेली सहा पुन्हा खणात.
साडेपाच हातातच राहिली जरा वेळ.

सोमवारी शरयू नऊ वर्षांची झाली.
नऊ भागिले चार, अधिक चार. सव्वासहा.
सव्वासहाची नळी कुठलीच कंपनी बनवत नाही.
दर वाढदिवसाला हे गणित मनात होऊनच जातं,
थांबवता येत नाही.
वाढदिवसाचे बूट मी तीनच्या मापाचे पाठवले होते,
ते आत्याच्या मुलीला गेले.

रात्री फोनवर म्हणालो, करंगळी दाखव गं.
कशाला?
दाखव तर.
तिनं कॅमेऱ्याला लावलीच थेट,
सगळा पडदा तांबूस, धूसर,
आणि मागून तिचा आवाज,
दिसतेय का बाबा, दिसतेय का.